बोगद्याच्या तोंडाशी येळवस

कालपासून होस्टेल रिकामं व्हायला लागलं आहे. माझ्या खोलीतली बेंबळी गावची मुलगी आज सकाळी गेली. पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि रिकामे डबे. डबे भरून परत आणायचे असतात. दारातून वळून तिनं विचारलं, "तू कधी निघायलीस?" मी म्हणाले, दुपारच्या गाडीनं. तिनं खोलीची किल्ली माझ्या उशाशी ठेवली.

येळवस आली की आमच्या जिल्ह्यात असंच होतं. बाहेरून आलेल्या एका मॅडमना मी हा सण समजावून सांगायला गेले, तेव्हा माझी फार ओढाताण झाली होती. मार्गशीर्षातली अमावस्या, पण या अमावस्येला कुणी भीत नाही. ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, सगळं डोक्यावर घेऊन घरदार शेतात. ज्याला शेत नाही त्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, आमच्याकडं या म्हणून. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. गिरणी बंद, दुकानं बंद, एसटीत कंडक्टर आणि ड्रायव्हर दोघंच गप्पा मारत जातात. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे पिकनिक." मी हो म्हणाले.

आंबिलीचा वास मात्र कुणाला सांगता येत नाही. ताकात ज्वारीचं पीठ भिजवून ते आंबायला ठेवतात, मग लसूण, मिरची, कोथिंबीर घालून शिजवतात. घरभर आंबटसर वास राहतो. थंडीच्या दिवसांत हा वास कुठल्याही घरातून आला की मी रस्त्याची बाजू बदलते. लहानपणी ह्याच वासानं मी धावत घरी यायचे.

आमच्या गावाच्या पाठीशी बालाघाटाचा डोंगर आहे. डोंगराच्या पलीकडं तालुका, दवाखाना, कॉलेज, हमरस्ता, अलीकडं आम्ही. घाटाचा जुना रस्ता वळणावळणाचा होता आणि पावसाळ्यात दरड आली की दिवस दिवस बंद असायचा. त्यामुळं डोंगरातून बोगदा काढणार असं ठरलं, तेव्हा वाईट वाटलेलं एकही माणूस मला आठवत नाही. मी तर मनात हिशेब करून ठेवला होता. बोगदा झाला की घरून रोज कॉलेजला जायचं. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मुलीला बाहेर ठेवायचं म्हटलं की नाना, म्हणजे माझे वडील, गप्प बसायचे. बोगदा म्हणजे नानांच्या गप्प बसण्यावरचा उपाय होता.

मी बारावीला होते तो हिवाळा. दुपारी सुरुंग उडवायच्या आधी डोंगरात शिट्टी वाजायची, थोडा वेळ सगळं शांत, आणि मग पायाखालून धक्का यायचा. आवाज नंतर. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आई चुलीवरच्या दुधाच्या पातेल्याला हात लावून उभी राहायची. मी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून थांबायचे. धक्का गेला की बोट पुढं सरकायचं. त्या वर्षी मी जे काही वाचलं, ते असं थांबत थांबत वाचलं.

माझा थोरला भाऊ, दत्तादादा, बोगद्यात कामाला होता. कमानीच्या टोळीत. बोगदा थोडा पुढं सरकला की उघड्या पडलेल्या दगडाखाली लोखंडी कमान उभी करायची, जाळी मारायची, वरून सिमेंट फवारायचं, आणि मगच पुढचं खोदायचं. ही सगळी टोळी आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या पोरांची. बाकीची माणसं लांबून आलेली, झारखंडची, ओडिशाची. दादा संध्याकाळी घरी आला की त्याचे कान, भुवया, पापण्या तांबड्या असायच्या. नाना विचारायचे, "डोंगर तर काळा हाय, तू लाल कसा?"

"वरनं काळा हाय, नाना. आतनं न्हाय. काळा दगड, त्याच्याखाली तांबडी माती, परत काळा, परत तांबडी. वाळली तर वीट. पाणी लागलं की साबण."

आता वर्गात सर शिकवतात, लाव्हाचा एक थर पसरला, त्यावर माती धरली, मग दुसरा थर येऊन त्या मातीला भाजून गेला, म्हणून ती लाल. सर छान शिकवतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. मी तो सोडते.

फुलचंद आमच्या घराच्या बाजूच्या सपरात, म्हणजे पत्र्याच्या खोपटात, भाड्यानं राहायचा. झारखंडचा. आधी नळदुर्गकडं हमरस्त्याच्या कामावर होता, तिथून इकडं आला. बोगद्यात दगडमाती उचलून टिपरमध्ये टाकायचं मशीन तो चालवायचा. अंगानं किडकिडीत, आणि कपडे धुण्याचं त्याला वेड होतं. कामावरून आला की आधी शर्ट धुणार, मग तोंड. आई म्हणायची, "आरं बाबा, उद्या परत लाल होणार हाय की." तो म्हणायचा, "कल का कल देखेंगे, मौसी."

आईचं हिंदी नळदुर्गच्या माहेरचं, तिथल्या मुसलमान शेजारणींकडून आलेलं. त्याचं हिंदी त्याच्या मुलखाचं. दोघांचं चालायचं मात्र झकास. पहिल्यांदा आईनं त्याला आमच्यातलं कालवण दिलं, तर घाम पुसत म्हणाला, "मौसी, ये सब्जी है कि सजा?" आई म्हणाली, "खा चुपचाप. सर्दी जाती." गावात रेंज धड नव्हती, म्हणून तो आमच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, चढून मोबाइल उंच धरून मुलीशी व्हिडिओवर बोलायचा. मुलगी चार-पाच वर्षांची असेल. तिला रोज आमची म्हैस बघायची असायची, मग रेंज टिकेल तेवढा वेळ तो मोबाइल गोठ्यात न्यायचा. एकदा म्हशीनं शेपूट मोबाइलवर मारलं, तर पलीकडं ती इतकी हसली की अंगणात आम्हीही हसायला लागलो, कशाला ते माहीत नसताना.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी आई त्याला म्हणाली, "कल खेत में आना. काम को मत जा."

"छुट्टी नहीं है, मौसी. सुबह की पाली करके आता हूँ. दोपहर का खाना आपके साथ."

"पक्का?"

"पक्का. मोबाइल भी यहीं छोड़ के जाऊँगा चार्जिंग पे. लेने तो आना ही पड़ेगा."

त्याच संध्याकाळी दादा साइटवर जाऊन आला होता. कमानीच्या टोळीतलं दुसऱ्या दिवशी कुणीच येणार नव्हतं. येळवशीला आमच्याकडचा माणूस कामाला जात नाही, हे तिथल्या इंजिनिअरला पटत नव्हतं. त्याच्या कॅलेंडरात त्या दिवशी काहीच नव्हतं. वयानं दादाएवढाच होता तो, लांबचा. दादानं त्याला सांगितलं, "साहेब, उद्या कमानीला माणूस न्हाय. काम बंदच ठेवा."

"बंद नाही ठेवता येणार. आपण पुढं खोदणार नाही. फक्त पडलेला मलबा उचलू."

"मलबा उचलला की उघडं पडतंय, साहेब. तांबडा पट्टा हाय तिथं."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, दत्ता."

एवढंच बोलणं झालं. दादानं घरी येऊन ते आम्हाला सांगितलं आणि हातपाय धुऊन जेवायला बसला. पुढं कितीतरी महिने तो हेच बोलणं परत परत सांगायचा, प्रत्येक वेळी शब्द तेच. मग एके दिवशी थांबला. त्यानंतर त्यानं ते कधीच काढलं नाही.

शेतातली ती सकाळ मला फार लख्ख आठवते. दव. ज्वारीची पानं अंगाला लागून ओढणी ओली झालेली. नाना तांब्यातून आंबील शिंपत पिकाच्या कडेनं फिरले, मागून आम्ही आरोळी देत गेलो. त्या आरोळीतले शब्द कानडी आहेत म्हणतात. अर्थ आम्हाला कुणालाच सांगता येत नाही, पण चुकत कुणी नाही. शेजारच्या शेतांतूनही तीच आरोळी उठत होती. आमची जमीन डोंगराच्या पायथ्याशी, तिथून बोगद्याचं तोंड दिसत नाही, पण उपसलेल्या दगडांचा ढीग दिसतो.

दुपार झाली. पाहुणे जेवून गेले. आईनं फुलचंदचं ताट झाकून ठेवलं होतं आणि ती सारखी बांधाकडं बघत होती. नाना म्हणाले, "यील की. पाळी सुटल्यावर शर्ट धुवत बसला आसंल." आम्ही हसलो. तेव्हा तो आत अडकून तास होऊन गेला होता. रोज आमचे पेले हलवणारा डोंगर आत कोसळला, तेव्हा आमच्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. ना आवाज, ना धक्का.

साइटवरचा वॉचमन मोटारसायकल बांधावरून पाडत-उचलत आला. काय झालं हे त्यानं आधी सांगितलंच नाही. आल्या आल्या विचारलं, "दत्ता, पोकलेनचा रफीक कुठंय?"

"का?"

"आत बसलाय बोगदा. तिघं हायत."

दादाच्या हातात उंडा होता. तो त्यानं ताटात परत ठेवला, हात न धुता उठला.

रफीकमामा आमच्याच गावचा, पोकलेन चालवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण येळवशीला माणूस सापडत नाही. त्या दिवशी एका जागी बसून कुणी जेवत नाही. या शेतात चार घास, त्या शेतात चार घास, नाही म्हणायची रीत नाही. मोबाइल घरी, नाहीतर शेतात रेंज नाही. आम्ही बांधाबांधानं पळत सुटलो. ज्या शेतात जाऊ तिथं कोपीतून कुणीतरी हसत बाहेर यायचं, "या या, बसा," आणि आम्ही विचारलं की म्हणायचं, "रफीक? आत्ताच जेवून गेला की." पुढच्या शेतातही तेच. "आत्ताच गेला. खीर न्हाय म्हणत होता, आमी सोडला न्हाय." मी पळता पळता रडत होते, आणि सगळीकडं मला उंडे पुढं केले जात होते. टिपरचे ड्रायव्हर, वेल्डर, कमानीची पोरं, सगळे असेच कुणाकुणाच्या ताटावर विखुरलेले. नानांना रफीकमामा ओढ्याच्या काठी एका चिंचेखाली झोपलेला सापडला. पोटभर जेवलेला. त्याला उठवून सांगितल्यावर तो पायात चप्पल न घालता पळाला.

उन्हं कलताना सगळी शिवारं बोगद्याच्या तोंडाशी गोळा झाली होती. बायका डोक्यावरचं जेवण तसंच घेऊन आल्या होत्या, कारण वाटेत कुठं ठेवायचं ते सुचलं नव्हतं. आईच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं होतं. एवढं अन्न मी एका जागी कधी पाहिलं नाही, आणि कुणी एक घास खात नव्हतं.

आत, भिंतीच्या कडेनं हवेचा लोखंडी पाइप गेला होता. कंप्रेसरची हवा त्यातून पुढं मशीनला जायची. कोसळलेल्या ढिगाच्या खालून तो पलीकडं निघाला असावा, अशी आशा. दादानं त्याच्यावर पाना मारला. आम्हाला बाहेर थांबवलं होतं, तरी तो आवाज बाहेर आला. थोड्या वेळानं दुसरा आवाज आला, बारीक. इकडून कुणी पाना न मारता. बाहेरच्या गर्दीतून एक हुंकार गेला, जसा देवळात जातो.

पाइपचा सांधा उघडला. इंजिनिअरनं तोंड लावून हाका मारल्या, मग भोंगा आणला. भोंग्यात शब्द मोडत होते. शेवटी रफीकमामाच म्हणाला, "दत्ताच्या आईला बोलवा. पाखरं राखताना हिचा आवाज दोन शिवारं ऐकत्यात." हेल्मेट घालून आईला आत नेलं. तिच्या मागं दुसरं हेल्मेट मिळालं म्हणून मी गेले, कुणी अडवलं नाही. ती ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली, पाइपाला दोन्ही हात लावले.

"फुलचंद... ए फुलचंद..."

काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं, कुणी विहिरीच्या तळातून बोलावं तसं,

"हाँ, मौसी."

तिघंही जिवंत होते. एकाच्या पायावर दगड पडला होता. अंधार होता, पाणी ठिबकत होतं. आईनं आपल्या पदरातून आंबील गाळून घेतली, लसूण-मिरचीचा तुकडा राहू नये म्हणून दोनदा, आणि नरसाळ्यानं पाइपात ओतली. मागून हलकी हवा सोडली. आम्ही सगळे त्या लोखंडाकडं बघत राहिलो, जणू ती जाताना दिसणार होती.

"आया?" आईनं विचारलं.

थोडा वेळ गेला.

"आया, मौसी. नमक कम है."

बोगद्यात हशा उसळला. इतका की वरून चार खडे पडले आणि इंजिनिअर गप्प बसा म्हणून हात जोडायला लागला. आई हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाली, "घर आ, नमक देती तेरे को."

मला मिठाची पुडी आणायला घरी पाठवलं. सपराचं दार नुसतं ओढलेलं होतं. आत दोरीवर शर्ट वाळत होता आणि खिडकीत, जिथं कधीतरी रेंज यायची, तिथं लावून ठेवलेला मोबाइल वाजत होता. त्यावर मुलीचा फोटो. मी उचलला. पलीकडून तिनं विचारलं, पप्पा कुठंय. मी म्हणाले, "काम पे है." ते खोटं नव्हतं. तिनं म्हैस दाखवायला सांगितलं. मी गोठ्यात जाऊन तिला म्हैस दाखवली.

त्या संध्याकाळी शेताभोवती पेटता कडबा फिरवायचा असतो. आमच्या शिवारात तो कुणी फिरवला नाही. लांब, दुसऱ्या गावांच्या अंगाला, ठिणगीएवढे उजेड फिरताना दिसत होते. त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

आई पाइपापाशीच राहिली. कुणीतरी चूल मांडली, घराघरांतून ज्वारीचं पीठ आलं, ताक आलं. आंबील शिजायची, गाळायची, ओतायची. ओतायच्या आधी हाक. प्रत्येक हाकेनंतर मध्ये वेळ जायचा, मग उत्तर यायचं. आम्हाला वाटायचं, आवाज पलीकडं पोचायला तेवढा वेळ लागतो. दादा आणि त्याची पोरं ढिगाच्या एका अंगानं छोट्या कमानी लावत वीतवीत पुढं सरकत होती. रफीकमामा बाहेर पोकलेनच्या पायरीवर बसून होता. आत मशीन घालायची सोय नव्हती, तर तो हातानं दगड वाहायला लागला. तरणा इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. पहाटे आईनं त्याच्या हातावर उंडा ठेवला. हे काय आहे असं न विचारता त्यानं तो खाल्ला, तळहातावरच्या चुऱ्यासकट. माझा राग तेव्हाच कुठंतरी गळून पडला. कुणावर धरायचा होता तो, तेही नंतर नीट आठवेना.

दुसऱ्या दिवसाची सकाळ. थंडी अशी की लोखंडाला हात चिकटत होता. आईचा आवाज बसत आला होता, तरी तिनं ओंजळ करून पाइपाला लावली.

"फुलचंद... गरम लाई हूँ... आ जा..."

वेळ गेला.

"आया, मौ—"

पाइपातून वारा आला. वारा आणि लाल धूळ. आईचं तोंड, कपाळ, पांढरे केस, सगळं लाल झालं. ढिगाच्या पलीकडं कुणी पोती उतरवावीत तसा आवाज झाला आणि थांबला. दादाच्या पोरांना मागं ओढून बाहेर काढलं. आई जागची हलली नाही. तिनं हाक मारली. परत मारली. दिवसभर मारत होती. आणि आंबील ओतत होती, गाळून, दोनदा. आता पलीकडं काही जात नाही हे सगळ्यांना दिसत होतं, कारण ओतलेलं तिथंच तुंबून सांध्यातून परत गळत होतं, तांबडं होऊन. नाना एकदा जवळ गेले, तिच्याशेजारी बसले, आणि तेही नरसाळं धरायला लागले.

दोघं जिवंत निघाले. दादाच्या टोळीनं काढले. फुलचंद त्यांच्यानंतर निघाला, पाइपाच्या पलीकडच्या तोंडाशी.

जिवंत निघालेल्यातला एक वयस्क माणूस बोगद्याच्या तोंडाशी बाजेवर बसला होता, डोळ्यांवर फडकं बांधून, उजेड सोसत नव्हता म्हणून. दादा त्याच्या पायाशी बसला होता, मी मागं उभी होते. आई चार पावलांवर पाण्याचा तांब्या घेऊन. तो सांगत होता, "हम आगे बैठे थे, काले पत्थर के नीचे. वहाँ पक्का था. पाइप पीछे था, लाल मिट्टी में. जब-जब बुलाते थे, वही उठ के जाता था. हमको बोला, तुम बैठो. हेल्मेट में भर के लाता था हमारे लिए." दादानं त्याचा हात दाबला. तो माणूस थांबला. आईनं पुढं होऊन त्याच्या हातात तांब्या दिला, आणि तो पाणी पीत असताना ती तांब्याचं बूड धरून उभी राहिली.

पुढं एकदा धाब्यावर दादा मला म्हणाला, "आई तिथंच व्हती. पर तिला कळलं नसंल. तो लई हळू बोलत व्हता." मी म्हणाले, हो. "तू बी काढू नको कधी." मी म्हणाले, नाही.

फुलचंदचा मेव्हणा आला होता त्याला न्यायला. आईनं वाळलेला शर्ट घडी घालून त्याच्याकडं दिला. मोबाइलही दिला. त्यानंतर म्हैस बघायला फोन आला नाही.

बोगदा पूर्ण झाला. काम कुणी सोडलं नाही, दादानंही नाही; त्या जागेवरच्या कमानी त्यानंच उभ्या केल्या, नेहमीपेक्षा जवळ जवळ. आता वरून सिमेंट आहे, सगळीकडं सारखं. एसटी आत शिरते, पिवळे दिवे एकामागून एक अंगावरून जातात, बोलणारी माणसं उगीच आवाज वाढवतात आणि बाहेर पडली की हसतात. घाटात अडकलेली बाळंतीण आता कुणी पाहिलेली नाही. चांगलंच झालं, हे मी मनापासून म्हणते. मी रोज घरून ये-जा करू शकले असते, पण रोज दोनदा तिथून जाणं मला जमेना. पहिल्याच महिन्यात मी होस्टेल घेतलं. नानांनी त्या वेळी एका शब्दानं अडवलं नाही.

इथवर लिहून मी गाडीला गेले होते. मध्ये येळवस होऊन गेली, आणि मी परत खोलीत आहे. बेंबळीच्या मैत्रिणीचे डबे टेबलावर आहेत. माझेही.

मधली वर्षं आईनं आंबील केली नव्हती. नाना नुसतं ताक शिंपायचे. यंदा तिनं फोनवर सांगितलं, पीठ भिजवलंय, ये. शेतात गेलो, पूजा झाली, आरोळी झाली. दुपारी मी शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, हरभऱ्याचे डहाळे उपटत बसले होते. आजूबाजूच्या सगळ्या शेतांतून बायका आपापल्या माणसांना हाका मारत होत्या. जेवायला या गं, या रं, असे आवाज एकावर एक चढत होते. मी मान वर केली तर आई येताना दिसली. बांधावरून, ढेकळांतून, एक गुडघा धरत. मध्ये थांबायची, कमरेवर हात ठेवायची, परत चालायची. अख्खं शेत ओलांडून ती माझ्यापाशी आली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल. वाढलंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कितीतरी दिवसांपासून असंच होतंय. मी सुटीत घरी असले की पहाटे अभ्यासाला उठवायला ती उशाशी येऊन बसते. दादाला जेवायला बोलवायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते.

मी म्हणाले, "तिथनंच हाक मारायची की, आई. एवढं चालत कशाला आलीस गुडघा घेऊन?"

तिनं माझ्या ओढणीला चिकटलेली काटेरी कुसळं एक एक करून काढली, सगळी निघेपर्यंत.

"हाक मारली की माणूस उठून येतंय, बाई."

कोपीपाशी दादा पत्रावळ्या मांडत होता. आईला त्या दिवशी काही कळलं नाही, असंच त्याला अजून वाटतं.